फडकं, तुरटी आणि प्लास्टिक : मुंबईच्या पिण्याच्या पाण्याची एक गोष्ट

मुंबईला नळाचं पहिलं पाणी मिळालं ते मिठी नदीचं. शीव आणि धारावीच्या मधल्या रस्त्यावर उभं राहून हे कुणाला सांगितलं तर तो आपल्याकडे संशयानेच पाहील. पण गोष्ट खरी आहे. १८५६ साली हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या योजनेप्रमाणे साष्टीच्या टेकड्यांमध्ये मिठीच्या वरच्या खोऱ्यात धरण बांधायला सुरुवात झाली आणि १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी लोखंडी नळातून मुंबई बेटावर आलं. त्याच विहारचं आणि नंतर बांधलेल्या पवईचं ओसंडून वाहणारं पाणी खाली येतं, कुर्ल्यावरून वळतं, शीव-धारावीच्या कडेने जातं आणि माहीमच्या खाडीत मिळतं. मराठीत मिठी म्हणजे आलिंगन, उर्दूत मीठी म्हणजे गोड. कोणत्याही अर्थाने घ्या, आज त्या पाण्याजवळ जाताना नाकाला रुमाल लावावा लागतो.

मी शीवचा रहिवासी. शीव म्हणजे सीमा. इथे मुंबई बेट संपत असे आणि पलीकडे साष्टी सुरू होत असे. टेकडीवरचा किल्ला इंग्रजांनी सतराव्या शतकात त्या सीमेवर नजर ठेवायला बांधला, आणि १८०५ मध्ये गव्हर्नर जोनाथन डंकनच्या काळात शीव ते कुर्ला बांध झाला तेव्हा दोन बेटं पायी जोडली गेली. पुढे तानशाचे मोठमोठे नळही याच बाजूने शहरात शिरले. थोडक्यात, मुंबईचं स्वच्छ पाणी आत येतं तेही आमच्या दारावरून आणि घाण पाणी बाहेर जातं तेही आमच्याच दारावरून. त्यामुळे पिण्याच्या पाण्यात प्लास्टिकचे बारीक कण सापडू लागल्याच्या बातम्या वाचल्या तेव्हा मला आधी विज्ञानापेक्षा इतिहास आठवला. पाण्यात डोळ्याला न दिसणारं काहीतरी आहे आणि ते गाळून काढलं पाहिजे, ही मुंबईला नवी गोष्ट नाही.

नळ येण्याआधी हे शहर विहिरींवर आणि तलावांवर जगत होतं. धोबी तलाव, गोवालिया टँक, बाबुला टँक ही नावं आज फक्त पत्त्यात उरली आहेत, तिथे पाणी नाही. क्रॉफर्ड मार्केटजवळची जुम्मा मशीद १८०२ मध्ये पूर्ण झाली ती एका जुन्या झऱ्याच्या तलावावर. तलाव न बुजवता त्यातूनच कमानी उभ्या केल्या आणि वर मशीद बांधली. तो हौज आजही आहे, त्यात मासे आहेत आणि नमाजी तिथे वजू करतात. मशिदीचा कारभार पूर्वापार कोकणी मुसलमानांकडे, म्हणजे आमच्याच मराठी बोलणाऱ्या बिरादरीकडे. शहरातले बाकीचे तलाव बुजले आणि हा राहिला, याचं एक कारण मला असं वाटतं की या पाण्याला रोजचं काम होतं.

घरोघरी पाणी पोहोचवायचा भिश्ती. बकऱ्याच्या कातड्याची मशक खांद्याला, किंवा मोठी पखाल रेड्याच्या पाठीवर. भिश्ती हा शब्द बहिश्त म्हणजे स्वर्ग या फारसी शब्दावरून आला. तहानलेल्याला पाणी पाजणारा तो स्वर्गाचा माणूस. मराठीत मात्र तो आला तो ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ या म्हणीतून. ही म्हण आपल्याला पुढे पुन्हा लागणार आहे.

त्या पाण्याचा मोठा शत्रू पटकी, पण दुसरा एक होता, नारू. जुन्या पिढीतल्या लोकांना हा शब्द अजून अंगावर काटा आणतो. पायावर फोड यायचा, तो फुटायचा आणि त्यातून हातभर लांब, दोऱ्यासारखा जंत बाहेर यायचा. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर पाय सुजून माणूस महिना-महिना अंथरुणाला खिळायचा. हा कुठून येतो यावर शतकभर वाद चालला. एच. जे. कार्टर या डॉक्टरने १८५० च्या दशकात मुंबई बेटावरच्या नारूबद्दल लिहिलं आणि इथल्या तळ्यांतल्या पाण्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. १८७० च्या सुमारास फेडचेंको या रशियन संशोधकाने दाखवलं की नारूची पिल्लं पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या किड्याच्या पोटात वाढतात. हा किडा जेमतेम एक मिलिमीटरचा. पण असा किडा पोटात गेल्यावर माणसाला नारू होतो हे सिद्ध झालं ते परळला. १९१३ मध्ये मुंबईच्या बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत, जिला पुढे १९२५ मध्ये हाफकिन संस्था हे नाव मिळालं, डॉ. डी. ए. तर्खड यांनी तयार झालेल्या माणसांना असे किडे असलेलं पाणी प्यायला दिलं आणि त्यातून नारू होतो हे दाखवून दिलं. आज असा प्रयोग करायला कुणी परवानगी देणार नाही. पण त्यातून निघालेला उपाय इतका साधा होता की हसू यावं. पाणी दुहेरी सुती फडक्यातून गाळा, आणि पायऱ्यांच्या विहिरीत पाय घालू नका.

फडक्यातून गाळणं लोक आधीपासून करतच होते. जैन घरांत त्याला धर्माचा आधार होता, जीवहत्या होऊ नये म्हणून. आमच्या कोकणातल्या घरांत घागरीच्या तोंडाला मलमलचं फडकं असे, त्याला कुठल्या शास्त्राचा आधार होता कुणी विचारलं नाही. खाला रोज सकाळी ते फडकं उलटं करून झटकायची, धुवायची आणि उन्हात टाकायची. हे उलटं करून झटकणंच महत्त्वाचं, नाहीतर गाळलेलं दुसऱ्या दिवशी परत पाण्यात. सरकारने १९८३-८४ मध्ये नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला तेव्हा महाराष्ट्रही नारूग्रस्त राज्यांत होता. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. या रोगावर ना लस निघाली ना गोळी. हातपंप, थोडं औषध विहिरीत आणि घराघरांतलं फडकं, एवढ्यावर एक रोग देशातून गेला. आपल्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात याहून स्वस्त विजय मला तरी माहीत नाही, आणि तो बायकांच्या हातून झाला म्हणून त्याचा डंका वाजला नाही.

फडक्याची दुसरी परीक्षा बांगलादेशात झाली. रिटा कोलवेल या शास्त्रज्ञ बाईंनी मतलब भागातल्या गावांत बायकांना जुनी सुती साडी चार पदरी घडी करून त्यातून पाणी गाळायला सांगितलं. पटकीचे जंतू स्वतः फडक्यात अडकण्याइतके मोठे नसतात, पण ते पाण्यातल्या बारीक प्लवकांना चिकटून राहतात आणि प्लवक अडकतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पटकीचं प्रमाण जवळपास निम्म्याने, ४८ टक्क्यांनी कमी झालं. त्यातली एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. नव्या साडीपेक्षा जुनी, अनेकदा धुतलेली साडी चांगली ठरली, कारण धुऊन धुऊन तिचे धागे विसकटतात आणि भोकं लहान होतात, सुमारे २० मायक्रॉनपर्यंत. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो.

आता सुताकडे येऊ, कारण गोष्ट इथेच वळण घेते. विहारचं धरण बांधलं जात होतं त्याच वर्षी, १८५६ मध्ये, कावसजी दावर यांची मुंबईतली पहिली कापड गिरणी चालू झाली. पुढची सव्वाशे वर्षं परळ, लालबाग, भायखळा इथून मुंबईचं सूत आणि कापड निघालं. गिरण्यांच्या विणाईखात्यात उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर मोठ्या संख्येने होते, मदनपुरा त्यांचाच. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना परत आत जाता आलं नाही. १९८५ च्या कापड धोरणाने कृत्रिम धाग्याला दार सताड उघडलं. भिवंडी-मालेगावच्या मागांवर सुताच्या जोडीला पॉलिएस्टर चढलं. आपल्या बहिणींच्या ओढण्या, मुलांचे गणवेश, आपले सदरे, जानमाज, पडदे, सगळं हळूहळू प्लास्टिकच्या धाग्याचं झालं. पॉलिएस्टर हे प्लास्टिकच आहे, बाटलीचं आणि त्याचं कुळ एकच, ही गोष्ट कितीतरी शिकलेल्या लोकांनाही सांगावी लागते.

ही धुणं धुताना काय होतं? इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाने २०१६ मध्ये मोजलं. यंत्रात ६ किलो पॉलिएस्टरचे कपडे एकदा धुतले की सुमारे पाच लाख तंतू पाण्यात उतरतात. याच विद्यापीठातल्या रिचर्ड थॉम्पसन यांच्या २००४ मधल्या शोधनिबंधामुळे ‘मायक्रोप्लास्टिक’ हा शब्द रूढ झाला. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तो प्लास्टिकचा कण मायक्रोप्लास्टिक, आणि एका मायक्रॉनपेक्षाही लहान तो नॅनोप्लास्टिक. २०१७ मध्ये ऑर्ब मीडियाने जगातल्या अनेक शहरांतलं नळाचं पाणी तपासून घेतलं. तेव्हा दहापैकी आठ नमुन्यांत हे कण होते, दिल्लीचे नमुने त्याला अपवाद नव्हते, आणि सापडलेल्या कणांत जवळजवळ सगळे तंतूच होते. म्हणजे ज्या कापडाने आपण पाणी गाळायचो ते कापडच बदललं आणि गाळायची वस्तू झालं.

मग लोक म्हणतात, आम्ही बाटलीचं पितो. बाटलीबंद पाण्याचा आपल्याकडचा इतिहासही मुंबई-ठाण्यातच सुरू होतो, १९६५ मध्ये बिसलेरी इथे आली ती काचेच्या बाटलीत. प्लास्टिकची बाटली पुष्कळ नंतरची. २०१८ मध्ये नऊ देशांतल्या २५९ बाटल्या तपासल्या गेल्या, त्यात भारतातल्याही होत्या. ९३ टक्के बाटल्यांत प्लास्टिकचे कण सापडले, आणि मोठ्या कणांत निम्म्याहून जास्त झाकणाच्या प्लास्टिकचे. झाकण फिरवलं की ते झिजतं, इतकी साधी गोष्ट. जानेवारी २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी आणखी बारीक नजरेने पाहिलं तर एका लिटरमध्ये सरासरी २ लाख ४० हजार कण निघाले, त्यातले ९० टक्के नॅनो. तेव्हा नळाला घाबरून वीस लिटरचा जार घरी आणणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

याने शरीराचं काय होतं, यावर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं अर्धं खोटं असतं, म्हणून जपून सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालाने म्हटलं की पिण्याच्या पाण्यातल्या सध्याच्या प्रमाणामुळे आरोग्याला धोका आहे असं उपलब्ध माहितीवरून म्हणता येत नाही, पण माहिती अपुरी आहे, आणि पाण्यातल्या रोगजंतूंकडे लक्ष देणं आजही पहिलं काम आहे. त्यानंतर मार्च २०२४ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांचा अभ्यास आला. मानेच्या रक्तवाहिनीतला मेदाचा थर शस्त्रक्रियेने काढलेल्या २५७ रुग्णांपैकी ५८ टक्क्यांच्या थरात पॉलिथिन सापडलं, आणि ज्यांच्यात असे कण होते त्यांना पुढच्या सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू येण्याचा धोका साडेचार पट दिसला. प्लास्टिकमुळेच तसं झालं हे यातून सिद्ध होत नाही, दोन्ही गोष्टी एकत्र आढळल्या एवढंच. पण नारूच्या बाबतीतही कारण सिद्ध व्हायच्या कितीतरी आधी लोकांनी फडकं बांधलं होतं. नुकसान न करणारा आणि फुकट असलेला उपाय करायला पुराव्याची शेवटची ओळ लिहून होईपर्यंत थांबायचं कारण नाही.

उपायांचा विचार करताना मुंबईचं पाणी कसं आहे हे आधी समजून घ्यावं लागतं. विहारनंतर १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये वैतरणा (मोडक सागर), मग अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. हे सगळं डोंगरातलं पावसाचं पाणी, म्हणून मऊ. भांडुपच्या केंद्रात त्यात तुरटीच्या जातीचं रसायन टाकतात, त्याने गढूळपणा गोळा होऊन तळाशी बसतो, मग वाळूतून गाळून क्लोरीन देतात. आमच्या आज्या माठात तुरटीचा खडा फिरवायच्या, त्यातलंच तत्त्व, फक्त रोजच्या हजारो दशलक्ष लिटरला लावलेलं. या पद्धतीत प्लास्टिकचेही बरेच कण गाळाबरोबर खाली बसतात. तेव्हा महापालिकेचं पाणी केंद्रातून निघताना वाईट नसतं. त्यानंतरच्या प्रवासात त्यात काय मिसळतं ते आपल्या हातात असतं. गच्चीवरची उन्हात तडकलेली प्लास्टिकची टाकी, झाकण उडालेलं, आत वर्षाचा गाळ. खाली निळा ड्रम, ज्यात पूर्वी कुठलं रसायन होतं कोण जाणे. त्यातून प्लास्टिकच्या नळीने बादलीत, बादलीतून प्लास्टिकच्या मगाने बाटलीत.

त्यामुळे आमच्या घरी आता पिण्याचं पाणी टाकीच्या नळाचं भरत नाही. सकाळी पाणी येतं तेव्हा थेट महापालिकेच्या लाइनचा जो एक नळ आहे त्याचं घेतो, पहिलं बादलीभर लादी पुसायला काढून. ते स्टीलच्या पिंपात, तोंडाला चार पदरी जुनी मलमलची ओढणी बांधून. मलमल शंभर टक्के सुतीच हवी. ओळखायला एक धागा काढून काडेपेटीने जाळावा. सूत कागदासारखं जळतं आणि राख होते, पॉलिएस्टर वितळून काळा मणी होतो. बाजारात नळाला बांधायची पांढरी जाळी मिळते ती बहुतेक नायलॉनची, म्हणजे पुन्हा तेच. फडक्यात सगळं अडकतं असं समजू नये. लांब तंतू, रंगाचे पापुद्रे, झिजलेले तुकडे अडकतात, नॅनो कण नाही. सुताचा एखादा तंतू पाण्यात गेलाच तर तो कुजणारा आहे.

उकळण्याबद्दल २०२४ मध्ये चिनी संशोधकांचा एक अभ्यास खूप गाजला, ‘पाणी उकळा, प्लास्टिक नव्वद टक्के जातं’ अशा मथळ्यांनी. अभ्यास चांगला आहे, मथळा अर्धवट आहे. पाणी जड असेल, म्हणजे त्यात चुना भरपूर असेल, तर उकळताना चुन्याचा साका बनतो आणि तो कणांना गुंडाळून खाली नेतो. तिथे ८० ते ९० टक्के कण गेले. मऊ पाण्यात मात्र पाव हिस्साच. मुंबईच्या तलावाच्या पाण्याला हा दुसरा आकडा जास्त लागू. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तिथे पहिला. कसंही असो, जंतूंसाठी पाणी उकळावंच. उकळून स्टीलच्या पातेल्यात झाकून निवू द्यावं, न ढवळता वरचं पाणी फडक्यातून माठात ओतावं आणि तळाचं दोन बोटं पाणी कुंडीत टाकावं. गॅस महाग आहे, हे मला माहीत आहे, म्हणून सगळ्यांनी हे करावंच असा हट्ट नाही.

आरओ यंत्र कण जवळजवळ सगळे काढतं, पण एक लिटर देताना त्याहून जास्त पाणी गटारात सोडतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितलं होतं की विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओ नको. मुंबईच्या तलावांचं पाणी त्या मर्यादेच्या खूप खाली आहे. गाळणी घ्यायचीच असेल तर यूएफ म्हणजे अल्ट्राफिल्ट्रेशनची घ्यावी. तिची भोकं मायक्रॉनच्या दहाव्या भागाहूनही लहान असतात, वीज लागत नाही, पाणी वाया जात नाही. फक्त सांगितलेल्या मुदतीत आतली कांडी बदलायची.

या सगळ्यापेक्षा जास्त फरक मला वाटतं एकाच सवयीने पडेल, गरम पदार्थ प्लास्टिकमध्ये न घेण्याच्या. मुंबईत कटिंगचं पार्सल पातळ पिशवीत बांधून देतात आणि वर कागदी कप. कागदी कपाच्या आत प्लास्टिकचं अस्तर असतं. आयआयटी खरगपूरने २०२० मध्ये दाखवलं की अशा कपात १०० मिलिलिटर गरम द्रव पंधरा मिनिटं ठेवला तर सुमारे २५ हजार कण त्यात उतरतात. डब्लिनच्या संशोधकांनी त्याच वर्षी बाळाच्या प्लास्टिकच्या दुधाच्या बाटल्या तपासल्या, आणि गरम पाण्याने दूध कालवताना लिटरला १ कोटी ६० लाखांपर्यंत कण निघाले. बाळाचं दूध काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात कालवून, निववून मग बाटलीत भरलं तरी बराच फरक पडतो. नव्या सुनांना आणि लेकींना एवढं एक तरी सांगा.

मोहर्रमची सबील आठवते का? आमच्या लहानपणी गल्लीच्या तोंडाला ओल्या कापडात गुंडाळलेले माठ, साखळीला बांधलेले पितळी कटोरे. आता पाण्याचे पाऊच आणि पातळ ग्लास, संध्याकाळपर्यंत रस्ता पांढरा होतो. २०१८ च्या मार्चमध्ये महाराष्ट्राने अशा एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी आणली, ती आमच्या गल्लीपर्यंत अजून चालत यायची आहे. सबील लावणाऱ्या मुलांना मी म्हटलं, शंभर स्टीलचे ग्लास घ्या, वर्गणी मी गोळा करतो. मुलांचं म्हणणं, धुणार कोण? प्रश्न रास्त होता. पखाल वाहणाऱ्याचंही काम असंच कुणाला नको होतं. शेवटी चार जण पाळीपाळीने धुवायला तयार झाले, त्यात दोन मुली.

आता शीवच्या पलीकडे, धारावीत चला. तेरा कंपाउंडमध्ये शहरभरातलं प्लास्टिक येतं. कामगार ते हाताने, रंगाने, आवाजाने, जाळून वासाने ओळखून वेगळं करतात. मग ते दळून, धुऊन, छपरांवर वाळवून त्याचे दाणे बनवतात. यातले पुष्कळ कामगार उत्तर प्रदेशातून आलेले आपले गरीब मुसलमान भाऊ आहेत. हे काम नसतं तर मिठी कधीच बंद पडली असती. तिने एकदा, २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा, तुंबून दाखवलंच. पण दळलेलं प्लास्टिक धुतात त्या पाण्यात त्याचा भुगा असतो आणि ते पाणी नाल्यातून मिठीत जातं. ब्रिटनमधल्या एका आधुनिक कारखान्यात २०२३ मध्ये मोजलं तर गाळणी लावूनसुद्धा आलेल्या प्लास्टिकच्या वजनापैकी सुमारे ६ टक्के भुगा होऊन पाण्यात जात होता, गाळणी नसती तर १३ टक्के गेला असता असा त्यांचा हिशेब. धारावीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत काय होत असेल याचा अंदाज करा. शिवाय तो कामगार तीच धूळ श्वासात घेतो आणि घरी जाऊन निळ्या ड्रममधलं पाणी पितो. त्याला मी स्टीलचं पिंप घे म्हणणं निर्लज्जपणाचं होईल. त्याच्याकडे पाणी दिवसातून दोन-तीन तास येतं, साठवल्याशिवाय इलाज नाही, आणि स्टीलच्या पिंपाच्या किमतीत कितीतरी निळे ड्रम येतात. त्याने ड्रम सावलीत ठेवावा, झाकावा, आतून तारेच्या घासणीने न घासता फडक्याने पुसावा, आणि पिण्यापुरती कळशी वेगळी ठेवून तिच्या तोंडाला सुती कापड बांधावं, एवढं मात्र सांगण्यासारखं आहे.

मिठीच्या त्याच काठावर महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. शहराचा कचरा टाकायची ती जागा होती. १९८३ मध्ये तिथे पहिलं झाड लावलं पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांनी, आणि १९९४ पासून ते लोकांना खुलं आहे. शीव स्थानकातून चालत गेलं तरी पोहोचता येतं. कचऱ्याच्या ढिगावर आज जंगल उभं आहे, पण खालचं प्लास्टिक तिथेच आहे, मुळांच्या खाली.

दळलेल्या प्लास्टिकच्या धुण्याचं पाणी नाल्यात सोडण्याआधी दोन हौदांतून न्यायचं, पहिल्यात तुरटी टाकून बसू द्यायचं आणि दुसऱ्याच्या तोंडाला बारीक जाळी लावायची, हे धारावीतही करता येईल. जागा हवी ती पंधरा-वीस खोल्यांमागे एका खोलीएवढी. पुनर्विकासाच्या नकाशात अशी खोली आहे का, हे विचारायला तिथल्या कारखानदारांच्या बैठकीत मी गेलो होतो. उत्तर मिळालं नाही. पण एका दळणीवाल्याने धुण्याचं पाणी माझ्यासमोर जुन्या सुती लुंगीतून ओतून दाखवलं. लुंगीत मूठभर रंगीत भुगा राहिला. तो त्याने फेकला नाही, परत गोणीत भरला. म्हणाला, याचेही किलोला पैसे येतात.